युरोपातल्या भाषांसाठी फॉन्ट फॅमिली करायचीये? मग अ‍ॅक्सेंट शेवटी ठेवू नका

बहुतेक जण कसं करतात, आधी इंग्रजीची बावन्न अक्षरं, आकडे, विरामचिन्हं घासूनपुसून चकचकीत करायची, स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) लॉक करायचं, बोल्ड काढायचं, आणि मग शेवटच्या आठवड्यात वर-खाली चिन्हं असलेली (é, ş सारखी), म्हणजे अ‍ॅक्सेंटवाली अक्षरं सॉफ्टवेअरकडून एका क्लिकमध्ये जनरेट करून घ्यायची आणि खाली लिहून टाकायचं की शंभर भाषांना सपोर्ट आहे. सपोर्ट असतो, नाही असं नाही, अक्षराऐवजी चौकोनी डबे दिसत नाहीत एवढंच. पण चेक माणूस तो फॉन्ट उघडतो आणि पहिल्या ओळीतच त्याला कळतं की हे करणाऱ्याने चेक मजकूर कधी लावून बघितलेलाच नाहीये. म्हणून हा सगळा लेख उलट्या क्रमाने चालतो असं समजा, जे लोक शेवटी करतात ते आपण आधी करणार.

पहिलं काम: भाषा ठरवा, कागदावर

युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषा २४ आहेत आणि लिप्या तीन, लॅटिन, ग्रीक आणि सिरिलिक (सिरिलिक आली २००७ मध्ये बल्गेरिया आत आल्यावर). पण युरोप म्हणजे फक्त युनियन नाही, आइसलँडिक आहे, नॉर्वेजियन आहे, युक्रेनियन, सर्बियन, अल्बेनियन, तुर्की आहे, शिवाय वेल्श, कॅटलान, सामी अशा भाषा ज्यांची अक्षरं कोणाच्या लक्षातच राहत नाहीत. सगळं एकदम करायची गरज नाही. माझं स्पष्ट मत असं की पहिल्या रिलीजला फक्त लॅटिन करा पण पूर्ण करा, म्हणजे पोर्तुगीजपासून लाटव्हियनपर्यंत आणि आइसलँडिकपासून तुर्कीपर्यंत. ग्रीक आणि सिरिलिक फक्त यादी लांब दिसावी म्हणून घालणार असाल तर नका घालू, त्या लिप्या वेळ मागतात.

कोणत्या भाषेला नेमकी कोणती अक्षरं लागतात यासाठी हायपरग्लॉट नावाचा मोफत डेटाबेस आहे, त्यात भाषा टाकली की अक्षरं मिळतात आणि फॉन्ट टाकला की तो कोणत्या भाषा चालवू शकतो ते कळतं. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या जागतिक यादीच्या) हिशोबाने बेसिक लॅटिन, लॅटिन-१ आणि लॅटिन एक्स्टेंडेड-ए एवढे ब्लॉक (कोडांचे गट) केले की बहुतेक काम होतं, पण तिथेच थांबलात तर रोमानियन हुकते, कारण तिची दोन अक्षरं पुढच्या ब्लॉकमध्ये आहेत, आणि वेल्शची काही त्याच्याही पुढे. जर्मन कॅपिटल एस्सेट (ẞ) सुद्धा तिकडेच आहे, ते युनिकोडमध्ये २००८ ला आलं आणि जर्मन शुद्धलेखनाच्या नियमांत २०१७ ला, त्यामुळे आता ते ऑप्शनल समजू नका.

सुरुवातीची अक्षरं

सगळे स्मॉल ‘एन’ आणि ‘ओ’ पासून सुरू करतात, कॅपिटलमध्ये ‘एच’ आणि ‘ओ’ पासून, ते बरोबरच आहे, एक सरळ आणि एक गोल अक्षर हातात आलं की स्टेमची (उभ्या दांड्याची) जाडी, काउंटर (अक्षराच्या आतली मोकळी जागा), ओव्हरशूट (गोल अक्षर सरळ अक्षरापेक्षा किंचित वर-खाली जातं ते), सगळं ठरायला लागतं. पण त्या पहिल्या पंधरा-वीस अक्षरांतच मी हे पण घेतो: कॅरन घातलेला ‘ई’ (ě), ओगोनेकवाला ‘ए’ (ą), डबल अक्यूटचा ‘ओ’ (ő), रिंग घातलेला कॅपिटल ‘ए’ (Å), पोलिश तिरक्या दांडीचा ‘एल’ (ł), आणि आइसलँडिक ‘एथ’ (ð). एवढी सहा अक्षरं लवकर काढली की तुमच्या डिझाइनमध्ये वर-खाली जागा उरलीये का ते लगेच उघडं पडतं. एक्स-हाइट (‘एक्स’ सारख्या स्मॉल अक्षराची उंची) खूप मोठी ठेवलीत (आजकाल स्क्रीनसाठी सगळेच ठेवतात) तर स्मॉल अक्षराच्या डोक्यापासून असेंडरच्या (‘बी’, ‘डी’ सारख्या स्मॉल अक्षरांच्या वर जाणाऱ्या दांड्याच्या) टोकापर्यंत जो पट्टा उरतो त्यातच अ‍ॅक्सेंट बसवायचा असतो, आणि तो पट्टा अरुंद झाला की अ‍ॅक्सेंट चपटा होतो नाहीतर अक्षराला चिकटतो. हे तिसऱ्या दिवशी कळलं तर एक्स-हाइट थोडी खाली आणता येते, तिसऱ्या महिन्यात कळलं तर नाही.

कॅपिटलची उंची असेंडरपेक्षा थोडी कमी ठेवा. जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू होतं, म्हणजे एका परिच्छेदात इंग्रजीच्या कितीतरी पट कॅपिटल येतात, आणि ती उंच किंवा जाड असतील तर पानावर काळे ठिपके पडल्यासारखं दिसतं. वर त्या कॅपिटलवर उमलाउटही (दोन टिंबं) बसायचे असतात.

अ‍ॅक्सेंट काढणं, इथे घाई करू नका

तांत्रिक भाग सोपा आहे. प्रत्येक अ‍ॅक्सेंट वेगळा ग्लिफ (फॉन्टमधली एक आकृती) म्हणून काढायचा, मूळ अक्षरावर अँकर, म्हणजे जोडायच्या खुणा, लावायचे (वर एक, खाली एक, ओगोनेकसाठी वेगळा), अ‍ॅक्सेंटवर त्याचा जोडीदार अँकर लावायचा, मग सॉफ्टवेअर कॉम्पोनंट म्हणून जोडून देतं आणि मूळ अक्षर बदललं की जोडून बनलेली सगळी अक्षरं आपोआप बदलतात. ग्लिफ्स नावाचं सॉफ्टवेअर, फॉन्टलॅब, मोफत हवं असेल तर फॉन्टफोर्ज, सगळीकडे हेच तत्त्व आहे. ‘आय’ आणि ‘जे’ साठी टिंब नसलेली रूपं आधी करा, अ‍ॅक्सेंट त्यांच्यावर बसतात. आणि अ‍ॅक्सेंटचे दोन संच लागतात, स्मॉलसाठी एक आणि कॅपिटलसाठी दुसरा, जास्त चपटा आणि आडवा, नाहीतर कॅपिटलची उंची इतकी वाढते की वरच्या ओळीत घुसते.

आता नजरेचा भाग. अ‍ॅक्सेंट म्हणजे सजावट नाही, हंगेरियन माणसासाठी दोन टिंबांचा ‘ओ’ आणि दोन तिरक्या रेघांचा ‘ओ’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, एक ऱ्हस्व एक दीर्घ, ‘यू’ चं पण तसंच, आणि दोन्ही एकाच वाक्यात शेजारी शेजारी येतात. आठ पॉइंटला प्रिंट काढा आणि हात लांब करून बघा, फरक दिसला पाहिजे. दिसत नसेल तर रेघा लांब करा, वरच्या बाजूला उघडत जाऊ द्या, टिंबं गोल आणि थोडी लांब लांब ठेवा. एस्टोनियनमध्ये हाच प्रश्न टिल्ड (õ वरची नागमोडी रेघ) आणि टिंबांचा आहे, टिल्ड फार सपाट झाला की संपलं.

कॅरन (ˇ) टोकदार आणि ब्रेव्ह (˘) गोल, हे पुस्तकात सगळेच वाचतात, पण बोल्डमध्ये दोन्ही एकसारखे गोळे होतात तिथे लक्ष ठेवा. चेकमध्ये अक्यूट (´) आणि कॅरन इतक्या वेळा येतात की त्यांचं वजन कमी-जास्त असेल तर ओळीच्या वर वेगळीच एक हलणारी ओळ दिसायला लागते. माझा नियम असा की अ‍ॅक्सेंट आधी थोडे जास्तच ठळक काढायचे आणि मग मजकूर लावून कमी करत आणायचे, इंग्रजी वाचणाऱ्या डोळ्यांना ते नेहमी मोठे वाटतात म्हणून आपण सवयीने ते बारीक करून टाकतो.

पोलिश अक्यूटला पोलिशमध्ये क्रेस्का म्हणतात, परंपरेने ती फ्रेंच अक्यूटपेक्षा जास्त उभी असते. दोन्हींसाठी वेगळे ग्लिफ करायची गरज मला तरी वाटत नाही, मधला कोन घ्या जो दोघांनाही खटकणार नाही, फक्त आडवा पडलेला अक्यूट टाळा. ओगोनेकचं मात्र नीट करा. तो खाली चिकटवलेला हुक नाहीये, तो अक्षरातूनच वाहत बाहेर येतो, ‘ए’ मध्ये उजव्या खालच्या टोकापासून आणि ‘ई’ मध्ये तळाच्या वळणावरून उजवीकडे, आणि जोडाची जागा गुळगुळीत हवी. कॉम्पोनंट जोडल्यावर दोन्ही आउटलाइन मर्ज करून हाताने साफ करावं लागलं तरी करा, हे पाच-सहा अक्षरांपुरतंच काम असतं. सेडिला (ç खालचा हुक) उलटा करून ओगोनेक बनवणारे पण आहेत, तसलं काही करू नका.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या चेक आणि स्लोवाकच्या ‘डी’, ‘टी’ आणि ‘एल’ मध्ये (ď, ť, ľ). स्मॉल ‘डी’ आणि ‘टी’ वर कॅरन टोपीसारखा बसत नाही, तो उजवीकडे वर छोट्या उभ्या फाट्यासारखा येतो. ‘एल’ मध्ये स्मॉल आणि कॅपिटल दोन्हीत फाटा, पण कॅपिटल ‘डी’ आणि ‘टी’ वर मात्र नेहमीची टोपी. आणि तो फाटा म्हणजे अपॉस्ट्रॉफी नाही! अपॉस्ट्रॉफी कॉपी-पेस्ट केला की शब्दाच्या मधोमध खड्डा पडतो. बारीक, सरळ, खालच्या बाजूला निमुळता होत जाणारा फाटा काढा, स्टेमच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, आणि अक्षराची रुंदी त्याच्यासाठी वाढवू नका, तो पुढच्या अक्षरावर थोडा झुकू दे, बाकीचं कर्निंग (अक्षरांच्या ठरावीक जोड्यांमधलं अंतर कमी-जास्त करणं) बघून घेईल.

लाटव्हियनची गंमत वेगळी. युनिकोडमध्ये तिच्या अक्षरांच्या नावात सेडिला लिहिलंय पण काढायचा असतो सुटा कॉमा, खाली. आणि स्मॉल ‘जी’ ला खाली शेपटी असल्यामुळे कॉमाला जागाच नाही, म्हणून तो उलटा होऊन डोक्यावर जातो.

जी अक्षरं जोडून बनत नाहीत

आइसलँडिक ‘एथ’ म्हणजे ‘डी’ ला वाकवून रेघ मारलेली नव्हे, तो गोल ‘ओ’ च्या पोटातून डावीकडे वळत जाणारा देठ आहे, देठाला वळण हवं, आणि आडवी रेघ त्या देठावर. स्मॉल ‘थॉर्न’ (þ) ला वर असेंडर आणि खाली डिसेंडर (खाली उतरणारा दांडा) दोन्ही असतात. कॅपिटल ‘एथ’ आणि दांडी असलेला क्रोएशियन कॅपिटल ‘डी’ (Đ) दिसायला सारखे, पण कोड वेगळे आणि स्मॉल रूपं पूर्ण वेगळी, म्हणून एक भरलं म्हणून दुसरं सोडून देऊ नका. डॅनिश-नॉर्वेजियन ‘ओ’ ची तिरकी रेघ बोल्डमध्ये स्टेमपेक्षा बरीच बारीक ठेवावी लागते नाहीतर पोट बुजतं. पोलिश ‘एल’ ची दांडी उजवीकडे फार बाहेर काढली की पुढच्या अक्षराला टोचते.

एकच कोड, वेगळं रूप

हे मराठी माणसाला पटकन कळेल, कारण आपले ल आणि श हिंदी वळणात आले की आपल्याला लगेच खटकतात, कोड तोच पण रूप आपलं नाही. युरोपातही तेच, आणि त्यावरचा इलाज म्हणजे ओपनटाइप या फॉन्ट फॉरमॅटचं ‘लोकल’ (locl) फीचर, मजकूर कोणत्या भाषेचा आहे ते अ‍ॅपने सांगितलं की फॉन्ट योग्य रूप देतो.

तुर्कीत टिंबवाला ‘आय’ आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, म्हणून ‘एफ’-‘आय’ ची लिगेचर (दोन अक्षरं जोडून केलेली एकच आकृती) टिंब खाऊन टाकत असेल तर अर्थच बदलतो, तुर्कीसाठी ती बंद करायची, आणि स्मॉल कॅप्समध्ये (स्मॉल अक्षरांच्या उंचीच्या कॅपिटलमध्ये) टिंब टिकवायचं. (खरं तर ‘एफ’ चा हूक आखूड काढलात तर लिगेचरची गरजच पडत नाही, मी हल्ली टेक्स्ट फॉन्टला हेच करतो.) रोमानियनमध्ये ‘एस’ आणि ‘टी’ च्या खाली सुटा कॉमा हवा, तुर्की ‘एस’ ला सेडिला. युनिकोडने कॉमावाली अक्षरं १९९९ मध्ये वेगळी केली, पण त्याआधीचा आणि नंतरचाही कितीतरी रोमानियन मजकूर सेडिलाच्या कोडनेच टाइप झालेला आहे, म्हणून भाषा रोमानियन असेल तर सेडिलाच्या जागी कॉमा दाखवायचा असा नियम घाला. कॅटलानमध्ये दोन ‘एल’ च्या मध्ये टिंब येतं, ते तसंच सोडलं तर दोन ‘एल’ मैलभर लांब दिसतात, म्हणून तिथे अरुंद टिंब. डचमध्ये जोर द्यायचा असला की ‘आय’-‘जे’ जोडीवर दोन्हीकडे अक्यूट लागतो.

विरामचिन्हंही बघून घ्या. जर्मन अवतरण खाली उघडतं आणि वर मिटतं, फ्रेंच कोनदार अवतरणांच्या आत बारीक जागा असते, डॅनिशमध्ये तीच उलटी तोंडं करून येतात. स्पॅनिशचं उलटं प्रश्नचिन्ह स्मॉल अक्षरांसोबत बेसलाइनच्या (अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिच्या) खाली उतरलेलं असतं, पण सगळं कॅपिटल असेल तर ते वर उचलावं लागतं, त्यासाठी ‘केस’ फीचर, त्यातच डॅश, कंस आणि कोनदार अवतरणं पण टाका.

स्पेसिंग आणि कर्निंग

स्पेसिंग नेहमीसारखंच, ‘एन’ च्या माळेत एकेक अक्षर, मग ‘ओ’ च्या माळेत. अ‍ॅक्सेंटवाल्या अक्षराची रुंदी मूळ अक्षराइतकीच ठेवा. अडचण ‘आय’ ची, तिथे दोन टिंबं किंवा सर्कमफ्लेक्स (^) स्टेमपेक्षा रुंद होतात आणि शेजारच्या ‘एफ’ किंवा ‘एल’ ला जाऊन भिडतात, म्हणून ‘आय’ साठी अ‍ॅक्सेंटची अरुंद आवृत्ती करा.

कर्निंगमध्ये क्लास वापरतातच सगळे, म्हणजे ‘ए’ आणि त्याची सगळी अ‍ॅक्सेंटवाली भावंडं एका गटात. आणि इथेच घात होतो. कॅपिटल ‘टी’ च्या हाताखाली स्मॉल ‘ए’ छान सरकतो, तुम्ही अंतर कमी करायला मायनस सत्तर-ऐंशी युनिट देता, आणि तोच आकडा टिंबवाल्या ‘ए’ ला पण लागतो, आणि टिंबं ‘टी’ च्या हाताला धडकतात. फिनिशमध्ये ‘हे’ या अर्थाचा अगदी रोजचा शब्द (Tämä) नेमका याच जोडीने सुरू होतो, म्हणजे फिनिश मजकुराची पहिली ओळ लावली की धडक दिसतेच. चेकमध्ये ‘टी’ किंवा ‘व्ही’ नंतर कॅरनवाला ‘ई’, जर्मनमध्ये ‘साठी’ या अर्थाचा शब्द (für) ज्यात ‘एफ’ च्या हुकाखाली उमलाउटवाला ‘यू’ येतो, हे सगळे अपवाद म्हणून हाताने द्यायचे. सोपा उपाय म्हणजे डाव्या बाजूने अ‍ॅक्सेंटवाली अक्षरं वेगळ्या गटात टाकायची, गट वाढतात पण डोकं शांत राहतं. स्लोवाक फाट्यानंतर ‘के’, ‘बी’, ‘एच’, उद्गारचिन्ह किंवा मिटणारं अवतरण आलं तर प्लस कर्निंग लागतं, आणि ‘ए’ किंवा ‘ओ’ आला तर मायनस.

वजनं आणि इटॅलिक

दोन टोकांचे मास्टर (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड मूळ रेखाटनं) काढून मधली वजनं, म्हणजे जाड्या, इंटरपोलेट करायची, ती सॉफ्टवेअर मोजून देतं. मधली जाडी ठरवताना सरळ सरासरी काढू नका, फॉन्ट डिझायनर लुकास दे ग्रोट यांचं सूत्र वापरा, दोन जाड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. लाइटचा स्टेम ४० आणि ब्लॅकचा १६० असेल तर सरासरी येते १००, पण डोळ्याला मधला वाटतो तो ८०. आउटलाइनवरच्या पॉइंटची संख्या, क्रम आणि सुरुवातीचा पॉइंट दोन्ही मास्टरमध्ये एकच हवा, हे अ‍ॅक्सेंटनाही लागू. २०१६ मध्ये व्हेरिएबल फॉन्ट (सगळी वजनं एकाच फाइलमध्ये) ओपनटाइपमध्ये आल्यापासून याच मास्टरवरून एकच फाइल पण काढता येते.

ब्लॅकमध्ये अ‍ॅक्सेंट स्टेमइतके जाड करायचे नसतात. रिंगचं भोक बुजतं, डबल अक्यूटच्या मधली फट जाते. जाडी कमी करा, उंची कमी करा, रुंदी थोडी वाढवा, आणि कॅपिटल ‘ए’ वरची रिंग जागा नसेल तर शिखराला सरळ भिडवून टाका, स्वीडिशमध्ये ते चालतं. इटॅलिकमध्ये अ‍ॅक्सेंट नुसते तिरके केले की उजवीकडे पळाल्यासारखे वाटतात, अँकर तिरपेपणाच्या कोनावर ठेवूनही नजरेने थोडे मागे आणावे लागतात.

ग्रीक, सिरिलिक करणार असालच तर

ग्रीक स्मॉल अक्षरांना लॅटिनचे स्टेम आणि सेरिफ (टोकांच्या छोट्या रेघा) डकवू नका, ती हाताच्या वळणाची लिपी आहे. १९८२ पासून ग्रीसमध्ये एकाच टोनोसची (जोर दाखवणाऱ्या खुणेची) पद्धत आहे त्यामुळे आधुनिक ग्रीकला अक्षरं फार लागत नाहीत. शब्दाच्या शेवटचा सिग्मा वेगळा, प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं, आणि सगळं कॅपिटल लिहिलं की टोनोस गायब होतो.

सिरिलिकमध्ये उभे स्टेम जास्त, पान जाळीसारखं दिसतं, म्हणून स्पेसिंग लॅटिनचं तसंच उचलून चालत नाही. ‘द’ आणि ‘ल’ ची अक्षरं (Д, Л), आणि ‘झ’ सारखं फांद्यांचं अक्षर (Ж), यावर वेळ घालवा. बल्गेरियन वाचकांना सरळ अक्षरांतही वेगळी, हस्ताक्षराकडे झुकणारी रूपं आवडतात, सर्बियन इटॅलिकमध्ये ‘ग’, ‘प’, ‘त’ ची रूपं रशियनपेक्षा वेगळी असतात, दोन्ही ‘लोकल’ फीचरमधून द्या. बेलारूसी ‘यू’ वरचा ब्रेव्ह लॅटिन ब्रेव्हसारखा नसतो, त्याची टोकं जड असतात.

टेस्टिंग आणि रिलीज

एकाच वाक्यात सगळी अक्षरं कोंबलेली वाक्यं दाखवायला बरी, पण पोत त्यांनी कळत नाही. युरोपियन युनियनचा अलीकडचा कायदा सगळ्या अधिकृत भाषांमध्ये मिळतो, एकच परिच्छेद काढा आणि एका पानावर शेजारी शेजारी लावा, कोणती भाषा जास्त काळी दिसते, कुठे ओळ वर उसळते, फिनिशच्या जोडस्वरांत आणि जर्मनच्या लांबलचक शब्दांत लय टिकते का, हे पाच मिनिटांत दिसतं. युनियनबाहेरच्या भाषांसाठी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची भाषांतरं घ्या. मग त्या भाषेचा एक तरी वाचणारा माणूस शोधा आणि त्याला ‘फॉन्ट कसा वाटतो’ असं न विचारता ‘कुठे अडखळलास’ एवढंच विचारा.

व्हर्टिकल मेट्रिक्स (ओळीची उंची ठरवणारे आकडे) सगळ्या स्टाइल्समध्ये एकच ठेवा. विंडोजसाठीच्या वरच्या-खालच्या मर्यादा फॉन्टमधल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल अक्षरावरून ठरवा, म्हणजे रिंगवाला कॅपिटल ‘ए’ आणि खाली कॉमावाली अक्षरं, नाहीतर काही अ‍ॅप्समध्ये रिंगचा माथा कापला जातो. मग फॉन्टबेकरी या फॉन्ट तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवा, ते नावं, वजनांचे आकडे, सुटलेले ग्लिफ, उलटे पाथ असलं सगळं पकडतं, फक्त वाकडा ओगोनेक ते पकडत नाही.

रिलीजनंतर तक्रारी येतातच, बहुधा स्लोवाकमधून. अ‍ॅक्सेंटचा आकार, जागा, ‘लोकल’ ची रूपं, हे पुढच्या व्हर्जनमध्ये बिनधास्त बदला. पण अक्षरांच्या रुंदीला हात लावू नका, लोकांच्या लावून ठेवलेल्या फाइल्समधल्या ओळी सरकतात, अख्खं पुस्तक रिफ्लो होतं, कर्निंग बदलतानाही हाच विचार करा, आणि अगदीच बदलायचं असेल तर वेगळ्या नावाने नवी फॅमिली काढा.